आबांच्या नातवास

लातूर

चि. बाळू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तेराव्याची पंगत उठली, आचाऱ्याची भांडी परत गेली, पाहुणे आपापल्या गावी निघाले आणि त्याच रात्री तूही गाडी काढून पुण्याच्या वाटेला लागलास. मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी ही सगळी गावे मी अंथरुणावर पडून तुझ्यासोबत ओलांडली. पहाटे पोहोचल्याचा निरोप आला तेव्हा कुठे डोळा लागला. त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. रजा संपली होती, हे मला ठाऊक आहे. परंतु त्यानंतरही मोबाईलवर पाहावे, तर रात्री दोनला, तीनला तू जागाच दिसतोस. झोप लागते ना, एवढेच विचारायचे होते. बाकी हे पत्र आबांविषयी आहे.

तू त्यांची जन्मतारीख विचारली होतीस. दाखल्यावर १ जून १९३३ आहे, पण ती गुरुजींनी पोराकडे पाहून अंदाजाने लिहिलेली. तुझी पणजी सांगत असत, की आबा जन्मले तेव्हा शाळू हुरड्यात आला होता, म्हणजे तो पौषाचा सुमार असणार. फॉर्मवर दाखल्यावरचीच तारीख घाल. निजामाच्या राज्यात शाळेची भाषा उर्दू, म्हणून आबा उर्दूत चौथीपर्यंत शिकले आणि मराठी पुढे पोथ्या वाचता वाचता स्वतःच पक्की केली. जमिनीचे जुने कागद उर्दूत असल्यामुळे पंचक्रोशीतली माणसे ते वाचून घेण्यासाठी आपल्याच ओट्यावर येत. ज्या भावकीने विहिरीवरून आपल्यावर दावा लावला, त्यांचाही कागद आबांनी जसा होता तसा वाचून दाखवला, आणि तो आपल्या विरुद्ध जाणारा होता. तुझे बाबा त्यावर कित्येक महिने धुसफुसत होते. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा, या घरात आले याचा अभिमान वाटून स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१९४८ साली रझाकारांच्या भीतीने पणजोबांनी सगळ्यांना रातोरात बैलगाडीत घालून बार्शीला नेले, कारण बार्शी हैदराबाद संस्थानाच्या हद्दीबाहेर होती. आबांनी आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती तिथे, बार्शी लाईटची अरुंद रुळांची छोटी गाडी. १३ सप्टेंबरला फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि ही मंडळी गावी परतली. पण मग सूडाचे दिवस आले आणि ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता, अशा मुसलमान कुटुंबांवर संकट कोसळले. शेजारचे कुटुंब पणजोबांनी आपल्या माजघरात ठेवले आणि दाराशी, ओट्यावर, पंधरा वर्षांचे आबा काठी घेऊन रात्रभर बसले. ही हकीकत त्यांनी कधी मिरवली नाही. त्या घरची म्हातारी दर ईदेला शिरखुर्म्याचे भांडे घेऊन येई, तिच्याच तोंडून मी ती ऐकली. रात्री जागण्याची सवय त्यांना तेव्हाचीच असावी. पण ते जागणे निराळे आणि तुझे निराळे, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी बैलजोडी विकली, जमीन विकली नाही. पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, खडी फोडली, सुकडीवर आणि तांबड्या मिलोच्या भाकरीवर घर काढले. त्यातून सावरल्यावर गावातला वाडा त्यांनी नव्याने उचलला. काळ्या दगडाच्या रुंद भिंती, मातीत बसवलेल्या, वर सागवानी तुळया आणि त्यांवर माळवद, ज्यावर दर पावसाळ्याआधी मातीचा आणखी एक थर पडे. आपल्यासारखी भिंत गावात नाही, असे ते पाहुण्यांना सांगत.

मी लग्न होऊन आले ते बारावी होऊन. डी.एड.ला लातूरला पाठवायचे आबांनीच ठरवले. सुनेला बाहेर ठेवता म्हणून लोक बोलत असताना माझी पेटी डोक्यावर घेऊन एस.टी.च्या फाट्यापर्यंत ते पुढे चालत होते आणि मागे डोक्यावर पदर घेऊन मी. माझ्या हातून शिकलेल्या प्रत्येक पोरावर त्यांचे ऋण आहे.

आता भूकंपाचे लिहिते, कारण ते तुला पुरते कोणी सांगितलेले नाही. तू त्यानंतर जन्मलास. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव उशिरा झोपले होते. आबा ज्वारीच्या राखणीला रानात होते, म्हणून वाचले. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली आणि मातीत बसवलेले ते दगड सुटून आत पडले. वरून माळवदाची सगळी माती आली. रिश्टर मापावर सहाच्या थोडा वर असलेल्या त्या धक्क्याने लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी घरांच्या भिंतींनी आणि छपरांनी. आबा धावत आले तेव्हा धुळीत त्यांना आपली गल्ली सापडेना. हातांनी आणि पहारीने उकरून त्यांनी तुझ्या काकांना जिवंत काढले. आजी, मधल्या काकू आणि त्यांची दोन्ही लेकरे सापडली, पण उशिरा. आम्ही नोकरीच्या गावी, अहमदपूरकडे होतो. मिळेल त्या वाहनाने आणि उरलेले अंतर पायी येऊन पोहोचलो तेव्हा पाऊस लागला होता, आणि पडलेल्या घरांच्या तुळयांवर माणसे एकत्र जाळली जात होती.

नव्या गावठाणात घर मिळाले, स्लॅबचे, भक्कम. आबा त्याच्या छताखाली एकदाही झोपले नाहीत. अंगणात बाज, पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली बाज. पहाटे पावणेचार झाले की उठून बसत आणि उजाडेपर्यंत तसेच बसून राहत. तू त्याच बाजेवर त्यांच्या कुशीत वाढलास आणि तेव्हापासून तुलाही त्या वेळेला जाग येते, हे मी जाणते. म्हणून तर विचारते. झोपण्यापूर्वी फोन दुसऱ्या खोलीत ठेव, संध्याकाळनंतर चहा घेऊ नकोस, जेवायला दहा वाजवू नकोस, आणि लागलेच तर डॉक्टरांना दाखव. मन हलके करण्याचेही डॉक्टर असतात आणि त्यांच्याकडे जाण्यात काही कमीपणा नाही. हा पुन्हा उपदेश झाला. तू तिशीचा गृहस्थ आहेस, चार माणसे तुझ्या हाताखाली काम करतात. राग मानू नकोस.

२०१६ साली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आबा आपल्याकडे लातूरला होते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आबांनी हट्ट धरला, म्हणून तुझे बाबा त्यांना स्टेशनकडे घेऊन गेले. बार्शीला लहानपणी पाहिलेल्या त्याच मार्गावर, आता रुंद झालेल्या रुळांवरून, लातूरला प्यायचे पाणी येत होते. त्या रात्री गॅलरीत त्यांच्या डोळ्यांत औषध घालत होते, तेव्हा ते म्हणाले, “पोरी, त्या भिंती म्याच बांधल्या व्हत्या.” एवढेच. तेवीस वर्षे हे वाक्य त्यांनी एकट्याने सांभाळले होते. मी त्यांना सांगितले, की सगळ्या गावाच्या भिंती तशाच होत्या, गवंड्यालाही ठाऊक नव्हते आणि सरकारलाही नव्हते. ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्री ते उजाडेपर्यंत झोपले, हे मी स्वतः उठून पाहिले आहे.

बाळू, दवाखान्यातून आबांना घरी नेण्याच्या कागदावर तू सही केलीस. बाबांचा हात थरथरत होता, काका बाहेर जाऊन उभे राहिले होते आणि सगळ्यांत लहान असून पेन तू घेतलेस. पुढचे सगळेही तूच पाहिलेस, ॲम्ब्युलन्स, लाकडे, दहाव्याचे भटजी, पंगत. कोठे काही उणे पडले नाही. बायका म्हणत होत्या, नातू असावा तर असा, आणि मला आतून भरून येत होते. पण तू एकदाही रडला नाहीस. माझी भीती ती आहे. ‘सही मीच केली’ असे तू रात्री स्वतःशी म्हणत असशील, तर ऐक: मला अंगणात न्या, असे आबांनी स्वतः मला दोनदा सांगितले होते, आणि डॉक्टरांनीही पुढे काही करण्याजोगे नाही, हे सांगूनच कागद पुढे केला होता. ते बाजेवर गेले, आभाळाखाली, तुझा हात हातात धरून. तू त्यांना हवे होते तेच दिलेस. तेवीस वर्षे थांबू नकोस. मला फोन कर, रात्री तीन वाजता केलास तरी चालेल, मी जागीच असते.

वेळ अमावास्येचे, म्हणजे रानातल्या पिकाच्या पूजेच्या सणाचे, विचारले होतेस. वर्षाच्या आत सण नको, असे काका म्हणतात. परंतु भूकंपाच्या वर्षी घरातली इतकी माणसे गेलेली असतानाही आबांनी रानात कडब्याची कोप बांधली होती, पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना चुना लावला होता आणि मला भज्जी व आंबील करायला लावली होती. “पीक उभं हाय, त्याला उपाशी ठेवायचं न्हाई,” असे म्हणाले होते. तुझ्या बाबांनी तोच दाखला दिला आणि काका गप्प झाले. तेव्हा पूजा होणार आहे, बाहेरच्या कोणाला बोलावणार नाही. तू ये. सकाळी निघ, दुपारपर्यंत पोहोचशील, आणि परत जातानाही दिवसाच जा. ताईलाही तुझ्यासोबत आण, म्हणजे तू एकटा गाडी चालवणार नाहीस.

आबांचे उर्दू कागद मी पेटीत ठेवले आहेत. त्यांत विहिरीचाही कागद आहे, तो भावकीला द्यायचा की आपल्याकडे ठेवायचा, हे तू आल्यावर बाबांशी बोलून ठरव. मला विचारशील, तर देऊन टाकावा.

तुझी,
आई