समितीवर जाऊ का विचारतेस, तर हे वाच

प्रिय सुनीता,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकावा लागला कारण मागे मिक्सर चालू होता. तर तुमच्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तुला रुग्ण कल्याण समितीवर यायला सांगितलंय आणि तू विचारतेयस की जाऊ का, का उगाच वेळ जाईल. जा. फोनवर सांगितलं असतं पण तू मला मध्ये बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे ही समिती मुळात पेशंटचं ऐकायला निघालेलीच नाहीये. 1994 ला सुरतेत प्लेग आला होता आठवतंय ना, त्याच सुमारास इंदूरच्या महाराजा यशवंतराव हॉस्पिटलमध्ये उंदरांचा एवढा सुळसुळाट झाला होता की हॉस्पिटल रिकामं करून साफ करावं लागलं, आणि त्यातून लोकांकडून पैसा उभा करून दवाखाना नीट चालवायचा म्हणून तिकडे रोगी कल्याण समिती निघाली. 2005 ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि तेच सगळीकडे झालं. म्हणजे जन्मच हिशोबाच्या वहीत. त्यामुळे पहिल्या मीटिंगला बघच तू, इन्व्हर्टरची बॅटरी, रंगकाम, पाण्याची टाकी, झेरॉक्सची बिलं, वर्षाला पीएचसीला जे साधारण पावणेदोन लाख येतात ते कुठे टाकायचे हेच चालतं, पेशंटचं नाव चहा संपेपर्यंत कुणी काढत नाही. सचिव स्वतः मेडिकल ऑफिसर, प्रोसिडिंग त्यांचाच माणूस लिहिणार, आणि तुला म्हणणार ताई इथे सही करा. वाचल्याशिवाय करू नकोस. रजिस्टरात जागा कोरी सोडली असेल तर अजिबातच नाही.

मी जे थोडंफार शिकले ते लोकाधारित देखरेखीच्या कामात. ते 2007 ला नऊ राज्यांत सुरू झालं, आपल्याकडे पहिले पाच जिल्हे अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे, आणि राज्याची जबाबदारी पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होती. त्यात गावातल्या माणसांनीच दवाखान्याचं प्रगतीपुस्तक भरायचं, हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे मधलं, लाल म्हणजे वाईट, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचं. मला विचारशील तर रंगबिंग ठीक आहे, खरं काम ते रंग भरायच्या आधी असतं, म्हणजे माणसं बोलती करायचं.

कारण माणसं बोलत नाहीत गं. ओपीडीच्या बाकावर आजीला विचार, काय आजी, दवाखाना कसाय, तर ती सिस्टरकडे बघत म्हणणार लई ब्येस हाय. खोटं बोलते असं नाही, तिला पुढच्या सोमवारी बीपीच्या गोळ्यांना परत तिथेच यायचंय, त्याच सिस्टरसमोर. आपल्यासारखी तिसरी बाई मध्ये लागते ती ह्याच्यासाठीच, आपल्याला त्या बाकावर बसायचं नसतं. म्हणून घरी जाऊन विचारायचं, एसटी स्टँडवर विचारायचं, आणि समाधानी आहात का असलं कधीच विचारायचं नाही, पिशवी दाखवा म्हणायचं. गोळ्या कुठून आणल्या, मेडिकलमधून का आतून, चिठ्ठी कुणी लिहिली, किती गेले. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात उपचार फुकट आहेत, मग चिठ्ठी बाहेरची का, एवढा एक प्रश्न मीटिंगमध्ये टाकलास तरी खोलीतली हवा बदलते.

बाळंतिणींचं तर वेगळंच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे, बाळंतपण, औषधं, रक्त, नेणं-आणणं सगळं मोफत, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण सुद्धा. आमच्याकडे एका घरी डबा सासूबाईच दोन्ही वेळा घेऊन जायच्या, आणि घरी सोडताना गाडीच्या डिझेलचे पैसे घेतले होते. मी म्हटलं मीटिंगमध्ये सांगू? तर त्या म्हणाल्या नको बाई, पोरीचं दुसरं पण तिथंच व्हायचंय. मग तिचं नाव घेतलंच नाही. आशाताईला घेऊन त्या भागातल्या आणखी बाळंतिणींकडे गेले, डबा कुठून आला आणि गाडीला काय दिलं एवढंच सगळ्यांना विचारलं, आणि मीटिंगमध्ये घोळक्याचं म्हणून मांडलं. जेवणाचं कंत्राट कुणाला दिलंय हे रजिस्टरात लिहून घेतलं. जेवण सुरू झालं. डिझेलचं मात्र अजून अधूनमधून ऐकू येतं, तिथे आमची डाळ शिजलेली नाहीये.

आणि डॉक्टरवर तुटून पडू नकोस, तुझा स्वभाव मला माहितीय. पीएचसी 30,000 लोकांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात 20,000, आणि त्यात एक जागा रिकामी, फार्मासिस्ट डेप्युटेशनवर, रात्री कुणाला साप चावला तर तो डॉक्टरच एकटा. आमच्या एमओने, म्हणजे मेडिकल ऑफिसरने, तालुक्याच्या जनसुनवाईच्या आधी मला बाजूला घेऊन एक कागद दिला, रिकाम्या पदांची यादी आणि न आलेल्या औषधांची यादी, म्हणाला मॅडम हे तुम्ही विचारा, मी विचारलं तर मलाच नोटीस येते. मी विचारलं. तर बघ, आपण नुसतं पेशंटचं तोंड नसतो, कधीकधी डॉक्टरचं पण असतो. काही कार्यकर्त्यांना हे आवडत नाही, त्यांना दवाखान्यात जाऊन आवाज चढवला, फोटो काढला की काम झालं वाटतं, दुसऱ्या दिवशी त्या आजीचं काय होतं ते बघायला कोण थांबतंय.

दुसरी एक माणसांची जात भेटेल, पुढाऱ्याने घुसवलेले सभासद. मीटिंगला येत नाहीत, बिल पास करायच्या दिवशी येतात. त्यांच्याशी भांडण काढण्यापेक्षा मागच्या मीटिंगचे ठराव मोठ्याने वाचायला लाव, ते झाल्याशिवाय पुढचा विषय नको म्हण.

प्रायव्हेटचं तू विचारलं होतंस ना, तिथे समितीचा हात पोचत नाही, पण राज्याने 2021 ला नियम बदलले, रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक हॉस्पिटलने लावायचंच आहे, आणि बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तुमच्या तिकडे कुणाला गरज पडली तर हे डोक्यात असू दे.

जाताना एक साधी वही ने. आणि एएनसीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी सकाळी लवकर जा, त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या गावच्या बायका एका जागी सापडतात, आणि वाट बघण्यात वेळ जात असल्यामुळे गप्पा पण मारतात. पहिल्या मीटिंगची नोटीस आली की मला फोटो पाठव, अजेंड्यावर ‘रुग्णांच्या सूचना’ असा विषय नसेल तर लेखी मागून घे, आयत्या वेळच्या विषयांत ढकलला की तोपर्यंत सगळे उठलेले असतात.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. दादाला नमस्कार.

तुझी,
मंगल