अंगरख्यावरचे डाग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या कँटरबरी टेल्सवर (यात्रेकरूंनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींचं काव्य) लेख आला, बरं वाटलं, पण 'कवीने उमराव मंडळींचं कौतुक केलंय' एवढ्यावरच विषय संपवलाय ते काही पटलं नाही. माझी मुलगी एम.ए. इंग्लिश करतेय, तिला कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात ज्या नोट्स मिळाल्या त्यातही तेच, नाइट म्हणजे आदर्श सरदार, लिहा आणि मार्क घ्या. शेवटी आम्ही दोघं मूळ ओळी घेऊन बसलो.

अहो, कौतुक करतोय तो निवेदक, आणि निवेदक म्हणजे कवी नव्हे! त्र्यंबकहून निवृत्तीनाथांची पालखी निघते तेव्हा पहिल्यांदाच वारीला आलेला माणूस भेटेल त्याच्याबद्दल भारावून बोलतो ना, तसा हा लंडनजवळच्या सराईत जमलेल्या २९ यात्रेकरूंबद्दल बोलतो. माझी अक्कल तोकडी, हे तर तो स्वतःच सांगतो. नाइटचा नंबर पहिला, १५ लढाया लढलेला, कोणाला कधी वाकडा शब्द नाही, आणि हे सगळं चालू असताना मध्येच त्याचा अंगरखा दाखवतो. जाडंभरडं कापड, चिलखत घासून पडलेले डाग तसेच, गडी मोहिमेवरून आला तो थेट यात्रेलाच निघाला. बाजूला त्याचा विशीतला पोरगा, कपड्यांवर अंगभर पांढरी-तांबडी फुलं भरलेली. मला तो नाइट खरा वाटला तो त्या डागांमुळे.

पण हाच निवेदक नाइटबद्दल 'अलेक्झांड्रिया (इजिप्तमधलं शहर) जिंकली तेव्हा तो तिथे होता' एवढंच बोलून पुढे जातो. १३६५ ची ती ख्रिस्ती सैन्याची स्वारी, त्यांनी शहर लुटलं, कत्तल केली आणि काही दिवसांत सोडून निघून गेले, हे चॉसरच्या हयातीतलं आहे. त्याबद्दल अवाक्षर नाही.

यात्रेकरूंतल्याच मठप्रमुख बाईंचं (प्रायोरेस) बघा. खानदानी वळण असं की ओठ पुसून पितात, पेल्यात तुपकट ठिपका दिसायचा नाही. मन इतकं हळवं की सापळ्यात उंदीर दिसला तरी रडू येतं, कुत्र्यांना भाजलेलं मांस, दूध आणि उंची पाव. निवेदक याला दया म्हणतो, अगदी मनापासून म्हणतो, पण दाखले सगळे उंदीर-कुत्र्यांचे, माणसाचा एकही नाही. मुलीनेच हे पकडलं, मला दिसलं नव्हतं.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी लेखासोबत मूळ दहा-बारा ओळी आणि त्यांचा मराठी अर्थ छापा, पोरं स्वतः वाचतील.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक