वर्धापनदिन रेकॉर्डचा, मग वादकांची नावं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत गाजलेल्या अल्बमच्या वर्धापनदिनानिमित्त येणारे लेख मी आवर्जून वाचतो. चांगले वाटले ते कापून वहीत चिकटवतो. कोणा रॉक बँडच्या अल्बमची पन्नाशी, कोणा जॅझवाल्याच्या रेकॉर्डची साठी. मुखपृष्ठाचा मोठा फोटो असतो, मुख्य कलाकाराची हकिगत असते, किती प्रती खपल्या तेही असतं. त्या रेकॉर्डवर वाजवलं कोणी, हे मात्र बहुतेक वेळा नसतं. मी बास गिटार वाजवतो. त्यामुळे गाणं सुरू झालं की माझा कान आधी खर्जाकडे जातो, आणि तिथे कोण आहे हे लेखात सापडलं नाही की चुकल्यासारखं होतं. म्हणून हा पत्रप्रपंच.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम घ्या. त्याच्यावर लिहिताना १७ ऑगस्ट १९५९ ही प्रकाशनाची तारीख हमखास येते. ती कंपनीची तारीख. संगीत झालं ते त्याच वर्षी २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत. ती इमारत मुळात चर्चची. त्यातलं ‘सो व्हॉट’ झालं पहिल्या दिवशी. सुरुवातीला पियानोवर बिल एव्हान्स आणि डबल बासवर पॉल चेंबर्स, दोघंच, लय न धरता अंदाज घेत वाजवतात. मग लय लागते आणि मुखडा येतो तो चक्क बासवर. चेंबर्स एक ओळ म्हणतो, आधी पियानो आणि नंतर ट्रम्पेट व दोन सॅक्सोफोन त्याला दोन-दोन सुरांत दुजोरा देतात. डेव्हिसचा सोलो सुरू होतो त्या क्षणी ड्रमर जिमी कॉबने मारलेली झांज किती वेळ घुमत राहते, ते एकदा लक्ष देऊन ऐका. अख्खा सोलो त्या घुमण्यातून वर येतो.

चेंबर्स तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याचा जन्म २२ एप्रिल १९३५ चा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचं ध्वनिमुद्रण झालं ते त्याच्या चोविसाव्या वाढदिवशी. जानेवारी १९६९ मध्ये तो गेला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. ‘काइंड ऑफ ब्लू’वरच्या लेखाला यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं असेल? पण २२ एप्रिलला त्याच्याविषयी लिहिलेलं मी अजून कुठे वाचलेलं नाही.

सोल या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतप्रकाराच्या बाबतीत तर हा अन्याय रेकॉर्ड कंपन्यांनीच सुरू केला. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली एकामागून एक हिट गाणी स्टुडिओतल्या एकाच चमूने वाजवली. हा चमू म्हणजे ‘फंक ब्रदर्स’. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांची नावं नसत. ती छापली गेली गायक मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर, २१ मे १९७१ रोजी आलेल्या अल्बमवर, आणि तिथे बासवादक जेम्स जेमर्सनच्या नावामागे ‘अतुलनीय’ असं विशेषण लावलेलं आहे. शीर्षकगीताच्या ध्वनिमुद्रणाचा किस्सा प्रसिद्ध आहे. मार्विनला जेमर्सनच हवा होता. तो एका क्लबमध्ये वाजवत होता. तिथून त्याला स्टुडिओत आणलं, पण नशेमुळे त्याला स्टुलावर धड बसता येईना. शेवटी जमिनीवर उताणा पडून त्याने ती बासची ओळ वाजवली, उजव्या हाताच्या एकाच बोटाने, त्याच्या नेहमीच्या पद्धतीने. ती ओळ मी बसवायला घेतली तेव्हा मला दोन बोटं पुरत नव्हती. सुरांपेक्षाही सुरांच्या मधल्या जागा पकडणं कठीण जातं. ठोक्याच्या किंचित आधी-नंतर तो असा काही येतो, की गाण्याला चालण्याची ऐट मिळते, आणि शब्दांमधलं युद्धाचं, भावाभावांचं दुःख त्या चालीवर तरंगतं.

जेमर्सन १९८३ मध्ये गेला. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या कलाकारांचा गौरव करणाऱ्या संस्थेने साथीदारांसाठी वेगळा विभाग सुरू केला २००० साली. त्या पहिल्या यादीत त्याचं नाव होतं, पण ते ऐकायला तो नव्हता.

रॉकवाल्यांकडेही हेच. ‘बीच बॉइज’ बँडचा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम १६ मे १९६६ चा. त्याच वर्षी जानेवारीत बँडमधले बाकीचे जपानच्या दौऱ्यावर होते आणि ब्रायन विल्सन लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत भाडोत्री म्हणवल्या जाणाऱ्या वादकांकडून एकेक गाणं उभं करून घेत होता. ड्रम्सवर हॅल ब्लेन, कित्येक ठिकाणी बास गिटारवर कॅरल के. वेष्टनावर मात्र पाच तरुण प्राण्यांना खाऊ घालताना दिसतात, आणि साठ वर्षं आपल्या लेखांबरोबर तोच फोटो छापून येतो. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमने कॅरल केची निवड केली, तेव्हा तिने नव्वदीत तो मान नाकारला. स्टुडिओत वाजवणाऱ्यांचं काम त्यात प्रतिबिंबित होत नाही, असं तिचं म्हणणं होतं. मला तिचं पूर्णपणे पटलं.

आणि ज्या प्रकाशन-तारखांवर आपण इतका भर देतो, त्या तरी कुठे पक्क्या आहेत? बॉब डिलनच्या ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’चीही तारीख वर्षानुवर्षं १६ मे १९६६ अशीच छापली गेली. अभ्यासकांचा कल आता जूनच्या उत्तरार्धाकडे आहे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ची अधिकृत तारीख १ जून १९६७, पण ब्रिटनमधल्या दुकानांत तो मेच्या अखेरीलाच पोचला होता. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने ६ मार्च १९६३ ला वाजवलेला एक अख्खा अल्बम ‘बोथ डायरेक्शन्स अ‍ॅट वन्स’ या नावाने २०१८ मध्ये बाहेर आला. त्याचं वय कुठून मोजायचं? माझ्या लेखी मार्च १९६३ पासूनच, कारण कोल्ट्रेन, पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स एका खोलीत होते तो दिवस तो.

सोल गायक ओटिस रेडिंगच्या ‘ओटिस ब्लू’कडे तर त्या खोलीच्या बाजूनेच बघायला हवं. १५ सप्टेंबर १९६५ ला आलेला हा अल्बम जवळपास सगळा ९ आणि १० जुलैला, चोवीस तासांच्या आत झाला. मेम्फिसमधला स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ म्हणजे एक जुनं चित्रपटगृह, जमीन उतरती. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बासवर डक डन, ड्रम्सवर अल जॅक्सन, पियानोवर आयझॅक हेज. रात्री मध्येच काम थांबवावं लागलं, कारण वादकांना क्लबमध्ये पोटापाण्याचे कार्यक्रम होते. ते वाजवून मंडळी मध्यरात्रीनंतर परत आली आणि पुन्हा कामाला लागली. त्या थकव्यातली धार ओटिसच्या आवाजात ऐकू येते असं मला वाटतं. हे माहीत झाल्यावर त्यातलं ‘रिस्पेक्ट’ ऐकून बघा.

विनंती साधी आहे. अशा प्रत्येक लेखाच्या शेवटी ध्वनिमुद्रणाचे दिवस, स्टुडिओ, आणि प्रत्येक वादकाचं नाव त्याच्या वाद्यासह द्यावं. जमल्यास ध्वनिमुद्रकाचंही. कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ ला रूडी व्हॅन गेल्डरच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत झाला. कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आपल्या घरात जसा ऐकू येतो, त्यात व्हॅन गेल्डरचाही वाटा मोठा आहे. शिवाय पन्नास, साठ असे गोल आकडे गाठायची वाट बघू नये. चेंबर्सचा वाढदिवस दरवर्षी येतो.

स्टीव्ही वंडरच्या ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’वर, म्हणजे २८ सप्टेंबर १९७६ च्या अल्बमवर, आपण जेव्हा पान काढाल तेव्हा बासवर नेथन वॉट्स आहे हे कृपया लिहा. त्यातल्या ‘सर ड्यूक’ या गाण्यात ट्रम्पेटसारख्या फुंकवाद्यांच्या जोडीने बास जी पळत सुटते, ती त्याची. त्याच गाण्यात स्टीव्हीने एलिंग्टन, बेसी, मिलर, आर्मस्ट्राँग आणि एला या जुन्या जॅझ कलाकारांची नावं घेतली आहेत. जागा कमी पडत असेल तर मुखपृष्ठाचा फोटो एक कॉलम लहान करावा.

कळावे,
आपला नियमित वाचक
(बास गिटारवादक)