डब्यातली पत्रं वाचवायची आहेत

सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यात इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू वाचनालयात आल्या, टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "रद्दीत द्यायला हात होईना." आत तेवीस आंतर्देशीय पत्रं. त्यांच्या थोरल्या भावानं श्रीलंकेतून धाडलेली. भाऊ सुखरूप परतला, पुढची तीसेक वर्षं त्याच वाड्यात राहिला, पण या विषयावर अवाक्षर बोलला नाही.

जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपली शांतिसेना तिथल्या यादवीत शांतता राखायला गेली आणि ऑक्टोबरात जाफन्यात तिला तमिळ वाघांशीच, म्हणजे लिट्टे या बंडखोर संघटनेशी, लढावं लागलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते. पत्रांत यातलं काहीच नाही. पत्त्याच्या जागी गाव नाही, फक्त युनिट आणि ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता. ऑगस्टातल्या पत्रात लोकांनी गळ्यात घातलेले हार, ताडाची झाडं, आणि धाकटीची फी भरली का, ही चौकशी. धाकटी म्हणजे या काकूच! दिवाळीच्या सुमाराचं पत्र मात्र चार ओळींचं. बरा आहे. फराळ पाठवू नका. पाऊस पडून राहिला आहे. चौथी ओळ सेलोटेपखाली गेली.

ती पट्टी कुणीतरी मायेनंच लावलेली. पण तिचा डिंक कागदात मुरतो, तपकिरी होतो आणि अक्षरं गिळतो. म्हणून पहिली विनंती पैशांची नाहीच: जुन्या पत्रांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, आणि गंजक्या टाचण्या हलक्या हातानं काढा.

अशी पत्रं आणखी घरांत असणार. महूची लष्करी छावणी आपल्या दाराशी, महार रेजिमेंटचं केंद्र सागरला; त्या लढाईतले परमवीर चक्राचे मानकरी मेजर परमेश्वरन ८ महारचेच. ट्रंका उघडून बघा. मूळ पत्रं आम्हाला नकोत. तुमच्यासमोर स्कॅन करू, लगेच परत न्या. घरगुती मजकूर झाकायचा असेल तर झाकू.

स्कॅनर, आम्लविरहित कागदाचे फोल्डर आणि एक लोखंडी कपाट, असा ४२,००० रुपयांचा खर्च आहे. सभासदांनी १६,००० जमवले. उरलेल्यासाठी शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल.

पत्रं टाइप करायला चार-पाच जण हवेत. अट एकच, भाषा सुधारायची नाही. आमच्या एका उत्साही सभासदांनी 'पाऊस पडून राहिला आहे'चं 'पडत आहे' करून टाकलं होतं! अहो, ती आपली इंदुरी मराठी आहे. पोरगा जाफन्यातही तीच लिहीत होता. पूर्ववत केलं.

वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. काकूंचा डबा तिथेच बघायला मिळेल. हात धुऊन, कोरडे करून या.

आपले,
कार्यकारी मंडळ