एस्प्रेसो म्हणजे लग्नातली फेसवाली कॉफी नाही, मग मेनूत तसं लिहा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आईला घेऊन विजयनगरच्या एका कॅफेत गेले होते. आई ७२ वर्षांची, सगळं आयुष्य रामबागेत गेलं, कॉफी म्हटलं की तिला दोनच माहीत, एक घरची जायफळ घातलेली आणि दुसरी लग्नात मिळते ती, मशीनची वाफ सूं सूं सोडून फेस काढतात आणि वरून पावडर भुरभुरून देतात ती. आपल्या इंदुरात तिलाच सगळे एस्प्रेसो म्हणतात. आईने मेनूत एस्प्रेसो वाचलं आणि खुशीने तेच मागवलं, आणि आलं काय तर भातुकलीतल्यासारखा कप, तळाशी दोन घोट काळीभोर कॉफी. तिने विचारलं, बेटा, दूध डालना भूल गए क्या? तर काउंटरवरची दोन्ही मुलं हसली. आईने कप तसाच बाजूला सरकवला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला ते फार लागलं.

कारण तिचं काही चुकलंच नव्हतं. लग्नातल्या कॉफीत इन्स्टंट पावडर, साखर आणि भरपूर दूध असतं, वाफ फक्त दूध तापवायला आणि फेस आणायला. इटलीतली एस्प्रेसो वेगळीच, बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार, म्हणजे हवेच्या जवळपास नऊपट दाबाने गरम पाणी २५-३० सेकंद सोडतात आणि जेमतेम ३० मिली निघते. नाव एक, वस्तू दोन, हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

घरी आल्यावर मी तिला वाट्या मांडून दाखवलं. त्या ३० मिलीत गरम पाणी ओतलं की अमेरिकानो, दूध आणि वर जाड फेस असला की कॅपुचिनो, दूध अजून जास्त आणि फेसाचा पातळ थर असला की लाटे, चॉकलेट पडलं की मोका. खरा घोळ माकियाटोचा आहे, इटालियनमध्ये त्याचा अर्थ डाग पडलेला, म्हणजे एस्प्रेसोवर दुधाचा नुसता ठिपका, पण आपल्याकडे कॅरमल माकियाटो मागा, दुधाने भरलेला मोठा ग्लास येतो. आणि इटलीत नुसतं लाटे म्हटलं तर समोर निव्वळ दूध येईल, कारण त्या शब्दाचा अर्थच दूध! हे आईला फार आवडलं, शेजारच्या काकूंना पण सांगून आली.

पण हा फक्त चवीचा प्रश्न नाहीये. लाटेत दूध जास्त म्हणून ती हलकी असं बऱ्याच जणांना वाटतं, पण शॉट, म्हणजे एस्प्रेसोचे ते ३० मिलीचे माप, तेवढेच असले तर कॅफिन पण तेवढंच. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन नको म्हटलंय, आणि गरोदर बायकांनी तर त्याहून जपायला हवं. माझ्या वहिनीला सातवा महिना आहे, तिने एका ठिकाणी विचारलं की यात शॉट किती, एक की दोन, तर उत्तर मिळालं, मॅडम नॉर्मल है. नॉर्मल म्हणजे किती हो?

म्हणून माझी शहरातल्या कॅफेवाल्यांना मनापासून विनंती आहे, प्रत्येक नावाखाली हिंदीत एक ओळ लिहा, शॉट किती, दूध किती, कप केवढा. दोनशे-अडीचशे रुपये देणाऱ्या माणसाला एवढं कळायलाच हवं, आणि विचारलं तर हसू नका. तुम्ही पण रविवारच्या पुरवणीत एक छोटी चौकट छापलीत तर आमच्या घरासारख्या कितीतरी घरांत ती कापून ठेवतील.

येत्या रविवारी आईला परत नेणार आहे. कॅपुचिनो घ्यायची असं तिचं ठरलंय, आणि जायफळाची पूड कागदात बांधून आत्तापासूनच पर्समध्ये ठेवलीये.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर