माल्टाकडेही पाहा

भाषेच्या वादात आपल्याकडे फ्रान्स, जर्मनीचे दाखले हटकून दिले जातात. माल्टा कुणाला आठवत नाही. इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला असलेला हा द्वीपदेश अवघा ३१६ चौरस किलोमीटरचा, मुंबईच्या जेमतेम निम्मा. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत भरली. तेथील माल्टी भाषा मुळात अरबी कुळातली, पण लिहिली जाते रोमन लिपीत, आणि बोलणारे बहुतांश कट्टर कॅथलिक! शब्दसंग्रहात सिसिलियन-इटालियनचा भरणा मोठा. शतकानुशतके न्यायालयात आणि शिक्षणात इटालियनचा दबदबा होता. माल्टी ही स्वयंपाकघरातली, बंदरातली बोली समजली जाई. १९३४ साली इटालियनला बाजूला सारून इंग्रजीबरोबर माल्टीलाही राजभाषेचे स्थान मिळाले. त्यात ब्रिटिशांचे राजकारण होतेच, हेही सांगायला हवे. २००४पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे सिंधी व्यापारी स्थिरावले आहेत, हे आपल्या वाचकांना कदाचित नवे वाटेल. आता तर दर पाच रहिवाशांमागे किमान एक परदेशी आहे. त्यात भारतातून कामासाठी गेलेले तरुणही बरेच. परदेशी वाढले की दुकानात, रुग्णालयात इंग्रजीच चालते, ही तेथील खरी अडचण. पाहुण्यांना दोष न देता त्यांना माल्टी शिकवण्याची सोय किती केली, हे सरकारला विचारणे मला अधिक रास्त वाटते.

– एक वाचक, नाशिक