मन्या, तुझं बंद घड्याळ माझ्या घरी आलं

प्रिय मन्या,

आठ महिने ना फोन ना पत्र, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही ठीक, माझी पाठ तशीच.

आईच्या गळ्यातल्या गाठीची परत सोनोग्राफी केली. लॅबचा मेसेज आला, मी ऑफिसात घाईघाईत फाईल उघडली, साधी गाठ, लगेच आईला फोन. ती चार रात्री शांत झोपली, सोसायटीभर सांगून आली. पाचव्या दिवशी लक्षात आलं, मी उघडली ती गेल्या वर्षीची फाईल, नाव तेच, डाऊनलोड्समध्ये पडलेली. नवीन उघडताना हात कापत होते. निघालं काय? साधी गाठ!

म्हणजे मी खरं बोललो, तेही हवेत नाही, रिपोर्ट वाचून. पण मला माहीत होतं का रे? बायको म्हणते, नॉर्मल आलंय ना, पेढे आण.

हॉस्टेलवर तू तत्त्वज्ञ रसेलचं बंद घड्याळ घेऊन बसायचास, त्यात बघितलं आणि नेमकी तीच वेळ असली तर माणसाला वेळ 'माहीत' होती का, आणि खरं असलं, मानायला कारण असलं, तरी ते 'माहीत असणं' नव्हे म्हणणारा गेटियरचा १९६३चा तो तीन पानी लेख माझ्या ताटाशेजारी आपटायचास. मी नैयायिकांची, आपल्या न्यायदर्शनवाल्यांची, प्रमा म्हणजे खऱ्या ज्ञानाची व्याख्या काढायचो, यथार्थ अनुभव, जसं आहे तसं कळणं, विषय संपला. मग तू त्यांचाच दाखला माझ्यावर फेकलास, धुळीच्या लोटाला धूर समजून डोंगरावर आग आहे म्हणणारा, आणि आग खरंच असते. मी म्हटलं, आहे ना? मग पाणी घेऊन पळ! सगळी मेस हसली, तू दोन दिवस बोलला नाहीस.

आता ती धूळ माझ्या डोळ्यात गेलीय. नैयायिकांना खोडणाऱ्या श्रीहर्षाच्या गोष्टीतला, मुठीत पाच कवड्या आहेत असं नुसत्या अंदाजाने ठोकून देणारा आणि बरोबर ठरणारा परवडला, त्याला निदान कळत असतं आपण ठोकतोय. मला खात्री होती मन्या. आणि ती आतून अगदी खऱ्या माहितीसारखीच लागत होती, तसूभर फरक नाही, ह्यानेच पोटात गोळा येतो.

तुझी बदली झाली म्हणे? पिल्लू चालायला लागलं का, फोटो पाठव.

आईला सांगू का? ती सगळ्यांना सांगत सुटलीय, आमच्या बाळूला आधीच माहीत होतं. काल शेजारच्या काकूंचा रिपोर्ट हातात दिला, तू बघ म्हणजे झालं. मी आधी तारीख बघितली, मग नाव, मग परत तारीख.

तुझा,
बाळ्या

ता.क. पैजेचे २०० रुपये मागू नकोस, हरलो असं मी अजून म्हटलेलं नाही.